बाजूला बसवणे आणि बाजूला बसता येणे : स्वमग्न किशोरींची चिंता व आत्मविश्वास

निवासी शाळेत शांत मुलीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती वर्गात गोंधळ घालत नाही, भोजनगृहात भांडत नाही, वह्या वेळेवर देते, विचारले तर एका शब्दात उत्तर देते. गृहपाल तिला गुणी म्हणतात आणि ते ऐकून पालकही सुखावतात. परंतु हीच मुलगी दर सोमवारी पोट दुखते म्हणून अंथरुणात पडून राहते, दिवाळीच्या सुट्टीवरून परतण्याच्या दोन दिवस आधीपासून तिला अन्न जात नाही, आणि स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात तिला हमखास कणकण येते. दवाखान्यात तपासण्या होतात, त्यांत काही निघत नाही, आणि मग 'नाटक करते' असा शेरा तिच्या वाट्याला येतो. अशा मुलींपैकी काहींची स्वमग्नता आठवी-नववीपर्यंत कोणाच्याच ध्यानात आलेली नसते. त्यांच्यासंबंधी वाचनातून आणि वसतिगृहातील रोजच्या कामातून जे आमच्या हाती आले, ते माजी विद्यार्थी, पालक आणि उपासक-उपासिका यांच्यापुढे ठेवीत आहोत.

'स्वमग्न' हा शब्द रूढ झाला आहे म्हणून आम्हीही तो वापरतो. पण तो थोडा फसवा आहे. स्वतःत रमलेली, जगाची पर्वा नसलेली व्यक्ती असे चित्र त्यातून उभे राहते. प्रत्यक्षात या मुलींना जग कमी नव्हे, अधिक जाणवत असते. आवाज, उजेड, वास, स्पर्श, लोकांच्या चेहऱ्यांवरचे बदल हे सारे एकाच वेळी अंगावर येते आणि त्यातले काय महत्त्वाचे व काय सोडून द्यायचे, याची निवड त्यांना सहज करता येत नाही. हा आजार नाही. मेंदूच्या घडणीचा जन्मजात वेगळेपणा आहे.

मुली नजरेतून सुटतात यामागे इतिहास आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत ८ मुलगे व ३ मुली होत्या. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्परगर यांनी जे लिहिले ते मुलग्यांविषयी. सोव्हिएत रशियातील ग्रुन्या सुखारेवा या स्त्री मनोविकारतज्ज्ञाने या दोघांच्याही आधी, १९२० च्या दशकात, प्रथम मुलग्यांविषयी व नंतर मुलींविषयीही निरीक्षणे नोंदवून ठेवली होती. त्यांकडे दीर्घकाळ फारसे कोणी पाहिले नाही. परिणामी ओळखण्याची मापे मुलग्यांवरून तयार झाली आणि 'चार मुलग्यांमागे एक मुलगी' हे प्रमाण वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा ते तीनास एक याच्या जवळ निघाले. ज्यांची नोंदच झाली नाही त्यांचे अस्तित्वही सिद्धांतातून गळते, हे आपल्या समाजाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मुली सुटतात याचे दुसरे कारण त्यांच्या स्वतःच्या प्रयत्नात आहे. वर्गातल्या एखाद्या बोलक्या मुलीचे हसणे, हात हलवणे, बोलण्याची लकब त्या बारकाईने उचलतात. नजरेला नजर देणे जड जात असेल तर समोरच्याच्या भुवयांमध्ये पाहतात. विनोद कळला नाही तरी इतरांच्या पाठोपाठ हसतात. अभ्यासक या प्रकाराला मुखवटा धारण करणे म्हणतात. दिवस शाळेत पुरा करून घरी गेलेली मुलगी निदान दार लावून तो मुखवटा उतरवू शकते. वसतिगृहातल्या मुलीला मात्र तो भोजनगृहात, स्नानगृहाच्या रांगेत आणि रात्री वीसजणींच्या खोलीतही वागवावा लागतो. निवासी शाळेने या गोष्टीचा विचार इतरांपेक्षा अधिक का करावा, याचे हे कारण आहे.

स्वमग्न मुला-मुलींपैकी दहांतल्या जवळजवळ चौघांना उपचारांची गरज भासावी इतकी चिंता असते, असे अभ्यासांत आढळले आहे. किशोरवयात ती वाढते. मैत्रीचे नियम अचानक गुंतागुंतीचे होतात, शरीर बदलते, विषयागणिक शिक्षक बदलतात. त्यातच आपल्याला काय वाटते आहे हे ओळखून शब्दांत सांगणे यांतल्या अनेकींना अवघड जाते. म्हणून 'तुला काय होतंय?' हा आपला मायेचा प्रश्न त्यांना गणिताच्या पेपरपेक्षा कठीण वाटतो. 'एक ते पाचमध्ये आता किती?' याचे उत्तर त्या देऊ शकतात. एक म्हणजे निवांत, तीन म्हणजे तळहाताला घाम, पाच म्हणजे आता येथे थांबता येणार नाही. हा चिंतेचा तापमापक वहीच्या मागच्या पानावर तिच्याच शब्दांत लिहून घ्यावा. पाचाच्या पुढे गेल्यावर कडेलोट होतो : कोणी किंचाळते, कोणी कान दाबून पलंगाखाली शिरते, कोणी तासन्तास मूक होते. हा हट्ट नसतो. त्या वेळी समजावणे, रागावणे, भोवती गर्दी करणे यांतले काहीही करू नये. आवाज व उजेड कमी करावा, एकाच व्यक्तीने जवळ थांबावे आणि वेळ जाऊ द्यावा.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट निषेध करून पुढे जातो. अशा मुलीला देवऋषीकडे नेणे, दोरे बांधणे, 'पूर्वजन्मीचे फळ' म्हणणे हे आजही घडते, आणि २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही घडते. गेल्या जन्माच्या कर्माने या जन्मीचे भोग ठरतात ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तपासून नाकारली आहे. आईची माया कमी पडली म्हणून मूल असे झाले, हा पाश्चात्त्य देशांत एके काळी तज्ज्ञांनीच पसरवलेला समजही खोटा ठरला आहे. लसीचा संबंधही नाही. आईला दोषी ठरवण्यात घरोघरी वाया जाणारी शक्ती मुलीच्या कामी आली तर बरे.

आता उपायांकडे. चिंतेचे दोन प्रकार आम्ही वेगळे करतो, कारण दोहोंचा मार्ग उलट दिशेने जातो. पहिली चिंता भोवतालातून येते. भोजनगृहातला स्टीलच्या ताटांचा खणखणाट, डोक्यावर लुकलुकणारी ट्यूबलाइट, कॉलरला टोचणारी पट्टी, न सांगता बदललेला तास. या गोष्टी 'सवयीने होईल' म्हणून सोडून दिल्या तर सवय होत नाही, फक्त मुखवटा घट्ट होतो. येथे बदलायचे ते भोवताल. ताटे ठेवण्याच्या जागी गोणपाट अंथरले, ट्यूब बदलली, कॉलरची पट्टी कापली, जेवायला दहा मिनिटे आधी जाण्याची मुभा दिली, तर खर्च जवळजवळ शून्य असतो. उद्याच्या दिवसात काय वेगळे आहे ते आदल्या संध्याकाळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिण्याने तर सगळ्याच मुलींचा फायदा होतो. पहाटेची वंदना या मुलींना का आवडते, याचे कारणही हेच असावे : तेच शब्द, तीच चाल, तोच क्रम, आणि कोणी काही विचारीत नाही.

भोवताल बदलण्याचाच एक भाग म्हणजे बाजूला बसण्याची जागा, आणि याच जागेवरून एका पालकाशी आमचे दीर्घ बोलणे झाले. मुलगी आठवीत होती. तिला दाराजवळचा बाक दिला होता आणि एक पिवळे कार्ड. तापमापक चारावर गेला की कार्ड बाकावर ठेवून तिने उठायचे, वाचनालयातल्या कपाटामागच्या सतरंजीवर दहा मिनिटे बसायचे आणि परत यायचे. कोणी 'कुठे गेली होतीस' विचारायचे नाही. शेजारची मैत्रीण चालू धड्याचे पान दाखवते. वडील भेटीला आले, त्यांनी ती सतरंजी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "माझ्या आज्याला वर्गाबाहेर बसवलं, सर. आता आपल्याच शाळेत माझ्या पोरीला कोपऱ्यात?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे की, शाळेत त्यांना इतरांपासून वेगळे, कोपऱ्यात बसावे लागे आणि बसण्याचे गोणपाट घरून न्यावे व परत आणावे लागे. ज्या समाजाच्या स्मरणात ते गोणपाट आहे, त्या समाजाला शाळेतला कोणताही कोपरा संशयास्पद वाटला पाहिजे. म्हणूनच फरक नेमका कशात आहे, ते आम्ही त्यांच्याबरोबर बसून तपासले. त्या गोणपाटावर कोणी बसायचे हे इतरांनी ठरवले होते. या सतरंजीवर जायचे की नाही हे मुलगी ठरवते. तेथून मध्ये येण्याचा मार्ग बंद होता. येथून परतण्याचे पान उघडे ठेवलेले असते. आणि त्या जागेने बसणाऱ्याला हीन ठरवले होते. येथे पिवळे कार्ड वर्गातल्या कोणालाही मागता येते, आणि वडील वारल्यानंतरच्या महिन्यात दुसऱ्या एका मुलीने ते मागितलेही. एखादी शाळा उद्या 'सोयीसाठी' म्हणून अशा मुलीला कायमची मागे बसवू लागली, परीक्षेला येऊ नको म्हणू लागली, सहलीतून वगळू लागली, तर ते गोणपाटच होय आणि पालकांनी त्याविरुद्ध उभे राहावे. वडिलांनी शेवटी एवढेच विचारले, "ती परत येते ना वर्गात?" येत होती. पहिल्या सत्रात दिवसातून दोन-तीनदा उठे. दुसऱ्या सत्रात कार्ड बहुधा कंपासपेटीतच राही. बाहेर जाता येते ही खात्री असली की बसून राहणे सोपे होते.

दुसरी चिंता मनातल्या अंदाजातून येते : कार्यालयात बोनाफाईड मागायला गेले तर लिपिक ओरडतील, शब्द चुकला तर सगळे हसतील. ही टाळल्याने वाढते. तिच्यासाठी पायऱ्या कराव्या लागतात आणि त्या मुलीबरोबर ठरवाव्या लागतात. प्रथम कार्यालय बंद असताना तेथवर जाऊन यायचे. मग मैत्रिणीबरोबर नुसते दारात उभे राहायचे. मग लिहिलेली चिठ्ठी द्यायची. मग चिठ्ठी हातात ठेवून तेच वाक्य बोलायचे. एका पायरीवर तापमापक दोनावर आला की पुढची. कोणी एका आठवड्यात चढते, कोणाला सहामाही लागते. पायरी गाळून 'चल, आज बोलूनच ये' म्हणून ढकलले तर मुलगी आहे त्याहून खाली येते. लिपिकांनाही आधी सांगून ठेवावे लागते, हे ओघाने आलेच.

श्वासाचे काय, असे आपल्याकडे हटकून विचारले जाते. आनापानसतीचा अनेकांना लाभ होतो. परंतु डोळे मिटून आत पाहण्याने काही स्वमग्न मुलींची छातीतली धडधड त्यांना अधिकच जाणवते आणि भीती वाढते. त्यांना बसवून ठेवण्याचा आग्रह धरू नये. विहाराच्या ओसरीवर पावले मोजत केलेले चंक्रमण, हातात खडा किंवा कापडाची घडी फिरवणे, झुलणे यांनीही चित्त स्थिर होते. धम्मपदाच्या अट्ठकथेतील चूळपंथकाची कथा आपल्या वाचकांना ठाऊक असेल. चार महिन्यांत एक गाथा त्याला पाठ होईना. सख्ख्या थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला गाथा पुन्हा घोकायला लावली नाही. स्वच्छ कापडाचा तुकडा हाती दिला, तो चोळत राहा म्हटले, आणि मळत जाणाऱ्या त्या कापडातून त्याला अनित्य उमगले. शिष्य तोच, साधन बदलले. हात सतत फिरवणाऱ्या मुलीला 'चाळा बंद कर' म्हणणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना आम्ही ही कथा सांगतो.

मासिक पाळीबद्दल मोकळेपणाने लिहिले पाहिजे, कारण चिंतेचा फार मोठा वाटा तेथे असतो. रक्त दिसणे, पॅडचा स्पर्श, केव्हा येईल याचा नेम नसणे, हे तिन्ही या मुलींना विशेष जड जाते. पाळी सुरू होण्याच्या कितीतरी आधी पॅड हातात देऊन, कोरडे लावून पाहायला देऊन, कपाटाच्या आतल्या बाजूस दिनदर्शिका लावून तयारी करावी. याला जोडूनच दुसरी गोष्ट. मोठ्यांचे सगळे ऐकावे एवढेच ज्या मुलीला शिकवले गेले, ती वाईट हेतूच्या माणसाचेही ऐकते. अंगाला हात लावण्यास 'नको' म्हणणे, मग तो हात नातलगाचा असो की शिक्षकाचा, तिला शब्दशः शिकवावे लागते, आणि रोजच्या साध्या बाबतींत तिचा नकार मानला गेला तरच ते तिला खरे वाटते. २०१२ चा पोक्सो कायदा आणि १०९८ हा क्रमांक वसतिगृहाच्या भिंतीवर असतोच. तो तिच्या वहीतही असावा.

आत्मविश्वासाविषयी आपल्या समाजाची एक पक्की समजूत आहे : जो व्यासपीठावर बोलतो त्याच्यात आत्मविश्वास आहे. आपली चळवळ वक्त्यांनी उभी केली, तेव्हा हे स्वाभाविकच म्हणायचे. पण चळवळीचे हिशेब कोणीतरी ठेवले, अंकांची मुद्रिते तपासली, वसतिगृहातल्या धान्याची नोंद केली, आणि त्यांची छायाचित्रे कोठे लागलेली नाहीत. स्वमग्न मुलीला जयंतीच्या भाषणासाठी उभे करून तिचा 'न्यूनगंड घालवण्याचा' प्रयोग करू नये. तिला खरोखर येणारे, इतरांच्या खरोखर उपयोगी पडणारे काम शोधावे.

वर उल्लेखिलेल्या मुलीला अजिंठ्याचा नाद होता. सहलीपूर्वी महिनाभर तिच्याकडे छायाचित्रे होती, फर्दापूर फाट्यावर गाडी सोडून दुसऱ्या बसने जायचे आहे हे तिला माहीत होते, कोणत्या लेण्यात अंधार जास्त व कोठे वटवाघळांचा वास येऊ शकतो हेही सांगून ठेवले होते. २६ व्या लेण्यात, महापरिनिर्वाणाच्या त्या सुमारे सात मीटर लांबीच्या मूर्तीपुढे, कोणीतरी काहीतरी चुकीचे सांगितले आणि ती बोलू लागली. वर्गाकडे पाठ, तोंड मूर्तीकडे. खाली बसलेला शोकमग्न आनंद कोणता, वर आकाशातले देव कोणते, १८१९ साली जॉन स्मिथ येथे कसा पोहोचला, हे तिने एका सुरात, न थांबता सांगितले. आम्ही तिला मुलींकडे वळून बोल असे म्हटले नाही. परतल्यावर तिला स्नेहसंमेलनात बोलवावे असा आग्रह झाला. तिने 'नको' म्हटले आणि तो विषय तेथेच संपला. त्याऐवजी वाचनालयासाठी लेण्यांची क्रमवार सूची तिने केली, ती पुढच्या वर्षीच्या सहलीला वापरली गेली.

टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन प्राध्यापिकेचे उदाहरण या संदर्भात वाचण्यासारखे आहे. १९४७ साली जन्मलेल्या ग्रँडिन यांना किशोरवयात चिडवणाऱ्या मुलीवर पुस्तक फेकल्याबद्दल शाळेतून काढण्यात आले आणि त्या न्यू हॅम्पशायरमधील एका निवासी शाळेत आल्या. तेथे घोड्यांची निगा राखण्याचे काम मिळाले. मावशीच्या गोठ्यात लसीसाठी जनावरांना दाबून धरणारा सापळा पाहून, तसा दाब आपली भीती शमवतो हे त्यांच्या ध्यानात आले व त्यांनी स्वतःसाठी तसे यंत्र बनवले. अनेकांना ते विक्षिप्त वाटले. विज्ञानाच्या शिक्षकाने मात्र ते का काम करते याचा अभ्यास कर असे सुचवले. पुढे पशुविज्ञानात त्यांनी जे नाव मिळवले त्याची सुरुवात या कुतूहलातून झाली. पुढच्या आयुष्यात चिंतेवरील औषधाने आपल्याला मोठा आधार दिला, असेही त्यांनी निःसंकोच लिहिले आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात आपल्याकडे जी लाज आहे, तिला हे उत्तर पुरेसे आहे. पहिला सल्ला हवा असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

१४ एप्रिलविषयी थोडे. ध्वनिवर्धकांच्या भिंतीमागून चालणे या मुलींना शारीरिक वेदना देते. ती मिरवणुकीत आली नाही म्हणजे तिला बाबासाहेबांविषयी आस्था नाही, असे कोणी समजू नये. आदल्या दिवशी निळ्या पताका लावणे, सकाळच्या शांत वेळी विहारात अभिवादन, पुस्तकांच्या स्टॉलवर पावत्या फाडणे, यांतही जयंतीच असते. आवाजाची पातळी उतरवली तर वृद्धांचे आणि तान्ह्या मुलांचेही भले होईल, पण तो स्वतंत्र वाद आहे.

राहिला कागदपत्रांचा भाग. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिचा समावेश झाला. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, शासकीय व अनुदानित संस्थांतील उच्च शिक्षणात ५ टक्के व शासकीय नोकरीत ४ टक्के जागा, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा, हे तिचे हक्क आहेत. दहावीला जादा वेळ व लेखनिकाची सवलत मिळते, परंतु प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून मिळण्यास वेळ लागतो; नववीतच धाव घ्यावी. 'लेबल लागेल' म्हणून पालक थांबतात. जातीच्या दाखल्याने जात निर्माण झाली नाही, तिच्यामुळे नाकारलेले मिळवण्याची वाट उघडली; हा दाखलाही त्याच दृष्टीने पाहावा.

दहावीनंतर या मुली तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयात जातात आणि तेथे पहिल्याच आठवड्यात अनेकींची शाळा सुटते. माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे येथेच आहे. आपण ज्या गावी नोकरीस आहात तेथे अशी मुलगी प्रवेश घेत असेल, तर सत्र सुरू होण्यापूर्वी एका रिकाम्या दुपारी तिच्याबरोबर महाविद्यालयात जाऊन या. एसटी कोठे थांबते, वर्ग कोणत्या मजल्यावर, स्वच्छतागृह कोठे, ग्रंथालयात शांत कोपरा कोणता, अडचण आल्यास कोणत्या खिडकीवर जायचे, हे तिला बघू द्या आणि तिने काढलेल्या नकाशावर तुमचा दूरध्वनी क्रमांक लिहून द्या. तयार असणाऱ्यांनी आपले नाव व गाव शाळेच्या कार्यालयात कळवावे. यादी जूनपूर्वी लागते.